माटोळीतलं वायंगण

कुंपणावर कवंडाळ पिकलं की माझा पाय घरात ठरत नाही. श्रावण सरत आलेला असतो, पावसाने जरा उसंत घेतलेली असते, आणि एके सकाळी त्या हिरव्या गचपणात एकच नारिंगी गोळा दिसतो. खायच्या कामाचा नाही, कडूजहर. पण तो दिसला म्हणजे चवथ, गणपतीचा सण, आला. "आलं गो तुझं कवंडाळ," हे म्हणतात आणि पुन्हा पेपरात डोकं घालतात. ह्यांचा जन्मच इब्रामपूरचा. ज्यांनी जन्मभर ते फुकटात बघितलं, त्यांना त्याचं काय कौतुक असणार!

मी सुर्ल्याची. डिचोली तालुक्यातलं सुर्ला, खाणींचं गाव. लग्न होऊन पेडण्यातल्या इब्रामपुरात आले, त्याला आता एक आयुष्य झालं. नकाशात बघाल तर दोन्ही गावं एका बोटाच्या पेरात बसतात. सकाळी निघालात तर जेवायला पोचाल आणि चहाला परत याल. तरी मला अजून कोणी विचारलं, "काय गो, कुठलं बरं, तिथलं की इथलं?" तर मी गप्प होते. बरंवाईट ठरवण्याचा माझा पिंडच नाही. मला नुसतं बघायला आवडतं. कुठल्याही गावात गेले की मी आधी बायकांना विचारते, तुमचे कपडे कुठे वाळतात? पाणी कुठून येतं? पोदेर पाव घेऊन किती वाजता येतो? ह्या तीन प्रश्नांत गाव कळतं. हे म्हणतात, तू जनगणनेला जायला हवं होतंस.

आमच्या सुर्ल्यात कपडे घरात वाळायचे. अंगण केवढं, पण दोरी माजघरात. कारण घरासमोरून खनिजाचा रस्ता. एकामागून एक ट्रक, आणि मागे तांबडी धूळ. ताट पालथं ठेवायचं, हंड्यावर फडकं बांधायचं, जनेल, म्हणजे खिडकी, लावून घ्यायची. रस्त्याकडची जनेलं उघडतात हेच मला कितीतरी मोठी होईपर्यंत माहीत नव्हतं. मला वाटायचं ती भिंतीला नुसती शोभेला काढलीत. शाळेचा पांढरा शर्ट दिवाळीपर्यंत बदामी. तुळशीची पानं धुऊन मग देवाला. आईचा एकच कायदा होता, धुतल्याशिवाय तोंडात नाही, अंगात नाही, देव्हाऱ्यात नाही. पावसाळ्यात खाण बंद, ट्रक बंद, पण तीच धूळ मग गाळ होऊन डोंगरावरून खाली शेतात उतरायची, विहिरीचं पाणी चहाच्या रंगाचं व्हायचं. त्यामुळे धुणं काही सुटत नसे.

आणि आवाज! आम्ही सुर्लेकर एकमेकांशी ओरडूनच बोलायचो. ट्रकच्या वर आवाज जायला हवा ना? लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिल्याच सकाळी मी विहिरीवरून सासूबाईंना विचारलं, "कळशी कुठे ठेवू?" तर शेजारच्या दोन बायका धावत आल्या. त्यांना वाटलं, सून आल्याआल्याच भांडायला उठली. सासूबाई कानावर हात ठेवून म्हणाल्या, "गो बाय, आमी हयच आसो, तिलारी नदीपल्याड नाय."

इब्रामपूर म्हणजे शांतता. पोदेराच्या सायकलचा भोंगा दोन वाड्यांपलीकडून ऐकू यायचा, मी भांडी विसळून, पदर सारखा करून, सावकाश रस्त्यावर जायची आणि तरी तो यायचा असायचा. सुर्ल्यात तोच पोदेर दारात येऊन ओरडला तरी कळत नसे. इथली माणसं बाजाराला दोडामार्गला जातात, म्हणजे दुसऱ्या राज्यात, आणि त्याचं त्यांना काही वाटत नाही. ह्यांची मावशी तिकडे, आत्या तिकडे, अर्धी सोयरीक तिकडे. हल्ली मोबाइल तेवढा बिचारा गोंधळतो. मागच्या परसात उभी राहिले की मला महाराष्ट्रात आल्याबद्दल स्वागताचा निरोप येतो आणि कोथिंबीर तोडून घरात शिरले की गोव्यात आल्याबद्दल. बोलीचंही तसंच. आमच्याकडे नाही म्हणायला 'ना' पुरतं, इथे 'नाय' लागतं. पहिले काही महिने मी दोन्ही म्हणायची, उगाच कोणाचा गैरसमज नको.

आता मोप्याच्या पठारावर विमानतळ झालाय. विमानं डोक्यावरून जायला लागली तेव्हा वाडीतली माणसं वैतागली. कुत्री भुंकायची, कपाटातले पेले थरथरायचे. मी कोणाला बोलले नाही, पण मला त्या दिवसांत दुपारी इतकी छान झोप लागायची! डोळे मिटले की थेट माहेर. फक्त एक झालं, माझा आवाज पुन्हा चढला. हे म्हणतात, इतक्या वर्षांची मेहनत एका धावपट्टीने घालवली.

तर माटोळी. गणपती बसतो त्याच्या डोक्यावर छताला लाकडी चौकट टांगायची आणि त्या दिवसांत रानात, परसात, शेतात जे जे आलेलं असेल ते ते तिला बांधायचं. नारळांचा घड, सुपारीचं शिपटं, तोरिंग, आंबाडे, तवशी, चिबूड, कांगल्यांचे घोस, शेरवडाची पांढरी पानं, माझं लाडकं कवंडाळ. इकडचा गोंयकार दागिन्यांवरून घर ओळखत नाही, माटोळीवरून ओळखतो. कोणाच्या घरी गणपती बघायला गेलं की आधी मान वर. काय आणलंय बघू ह्यांनी? कुठून आणलं असेल? देवाला वर्षातून एकदा दाखवायचं, बाबा रे, तू दिलेल्या जमिनीत हे एवढं येतं.

सुर्ल्यात आमची माटोळी मी लहान असताना भरगच्च असायची म्हणे. मला आठवते ती अर्धी रानातली, अर्धी डिचोलीच्या बाजारातली. दरवर्षी डोंगर थोडा मागे सरकायचा आणि बाजार थोडा पुढे यायचा. त्यामुळे इब्रामपुरातल्या माझ्या पहिल्या चवथीला मामंजी, म्हणजे माझे सासरे, रानातून आले आणि त्यांनी सोप्यावर डोक्यावरचा भारा सोडला तेव्हा मी खुळ्यासारखी बघत राहिले. अर्ध्या गोष्टींची नावं मला ठाऊक नव्हती. मी विचारत गेले आणि ते सांगत गेले. हे काय? ह्याचा उपयोग काय? हे बांधायचं कशाने? दोर म्हणजे कुमयाच्या झाडाची सोललेली साल. आमच्याकडे सुतळी चालायची. भाऱ्यात भाताची कणसंही होती. मोरडावरचं, म्हणजे डोंगरउतारावरचं भात लवकर तयार होतं, त्याची पिवळी पडलेली लोंबी. सुनेला एवढं कुतूहल आहे बघून मामंजी इतके खूश झाले की म्हणाले, "औंदा माटोळी सुनेन बांधूची."

मला केवढा अभिमान वाटला! आणि मग मी आईचा कायदा पाळला. सगळं धुतलं. फळं धुतली, पानं धुतली, कणसं तर बालदीत बुडवून बुडवून धुतली, चांगली घट्ट जुडी वळली, ओल्या सालीने करकचून बांधली आणि टांगली. वर खोलीची जनेलं लावून घेतली. कसली धूळ आणि कुठला ट्रक, पण हात ऐकतात थोडेच! सासूबाई दर थोड्या वेळाने येऊन जनेल उघडायच्या आणि मी जाऊन लावायची. बंद खोलीत समया, अगरबत्त्या, माणसांची गर्दी, भाद्रपदातली ती घामट हवा.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी आरतीला सगळे उभे असताना मामंजींची मान वर गेली आणि तशीच राहिली. टाळ थांबले. मग एकेकाची मान वर. कणसांच्या जुडीतून हिरवे कोंब बाहेर आले होते, गणपतीच्या मुकुटाच्या बरोब्बर वर. पहिली चवथ, आणि मी हे काय करून ठेवलं! शुभ की अशुभ, कोण काय म्हणेल, माहेरचं नाव बुडवलं म्हणतील. आणि मामंजी एकदम ठसका लागेपर्यंत हसले.

"काय गो सुर्लेकरणी," म्हणाले, "माटोळीत वायंगण पेरलंस?"

वायंगण म्हणजे पाऊस सरल्यावर, साठवलेल्या पाण्यावर घेतलेलं दुसरं पीक. सबंध घर हसलं. मीही हसले, आणि मग आत जाऊन थोडी रडले, तेही सुटल्याच्या आनंदाने. मामंजींनी ते कोंब टाकू दिले नाहीत. परसात मुठीएवढा चिखल केला आणि लावले. उंदरांनी बहुतेक खाल्ले, पण ती गोष्ट काही उंदरांनी खाल्ली नाही. आजही वाडीत माझी ओळख करून देताना म्हणतात, ही ती, वायंगणवाली.

त्याच वर्षी मामंजींना सुर्ला बघायची हौस आली. धुतल्याशिवाय काही न खाणारं गाव असतं तरी कसं? तेव्हा माझा दादा ऐन भरात होता. स्वतःचा ट्रक, स्वतः चालवायचा. त्याने मामंजींना केबिनमध्ये बसवून वर खाणीपर्यंत नेलं. मामंजी त्या प्रचंड खड्ड्याच्या कडेला उभे राहिले, वाकून बघितलं, आणि विचारलं, "हय आदी काय पिकायचा?"

दादा हसला. "पैलीं नाचणी पिकताली. आतां खनिज पिकता!"

खोटं नव्हतं ते. त्या खनिजावरच घराला फरशी लागली, माझं लग्न झालं, माझ्या पहिल्या चवथीला माहेरचं वजें थाटात आलं. वजें म्हणजे लेकीच्या सासरी माहेराहून जायची भरलेली टोपली, फळफळावळ, गोडधोड, काय काय. आमच्या वज्यातली केळीसुद्धा धुऊन, पुसून पाठवली होती आईने. मामंजी एक केळं हातात घेऊन म्हणाले, असलं लखलखीत केळं मी जन्मात बघितलं नव्हतं.

मग खाणी बंद पडल्या. पुन्हा कुठे सुरू, कुठे बंद, असं चालूच असतं; मी माहेरी गेले की बातम्या विचारते आणि दरवेळी वेगळं ऐकते. दादाचा ट्रक अंगणात उभा राहिला तो राहिलाच. त्याच्या खाली मांजर व्याली, चाकांवर वेल चढली. तो एवढा बोलका माणूस, आता सोप्यावर कदेल, म्हणजे खुर्ची, टाकून समोरच्या रस्त्याकडे बघत बसतो. रस्ता स्वच्छ. जनेलं उघडी. तरी वयनी अजून ताटं पालथी ठेवते.

ह्या वर्षी कवंडाळ दिसलं तशी मी सवयीने दादाला फोन केला. "माटोळीची तयारी काय?"

"औंदा माटोळी ना गो, बाय."

मला वाटलं, मस्करी करतोय. "म्हणजे?"

"ना म्हणजे ना. गणपती येतलो. माटोळी ना."

मी म्हटलं, डिचोलीच्या बाजारात सगळं मिळतं, वयनीला सांग. तर भडकलाच. "बाजारांतलें रान हाडून देवाक दाखवायचें? तो कितें टुरिस्ट?" मग हळू म्हणाला, "आमगेलें शेत गाळाखाला गेलां. डोंगरार अॅकेशिया. मगीर देवाक कितें दाखवूं? अॅकेशिया?"

खरंच बोलत होता तो. खणून काढलेल्या मातीच्या ढिगांवर कोणी तरी ती झाडं लावून गेलंय, सरळसोट, पाखरूही बसत नाही. पण माझ्या माहेरच्या गणपतीच्या डोक्यावर छत रिकामं! ती चौकट माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. आजोबांच्या आधीपासूनची ती, दरवर्षी तेल लावून पुसायची. एकदा माटोळी चुकली की पुढल्या वर्षी कोण बांधतो? दादाची मुलं पणजीला नोकऱ्या करतात, ती येतील, मान वर करतील, काही दिसणार नाही, आणि त्यांना काही वाटणारही नाही. मला त्याचीच भीती वाटली.

मी ह्यांना म्हटलं, "गाडी काढा. आपण माटोळी घेऊन सुर्ल्याला जाऊ."

हे पेपरातून वर आले. "वजें माहेरसून सासराक येता. सासरसून माहेराक नाय."

"माहीत आहे."

"तो घेवचो नाय."

"तेही माहीत आहे. गाडी काढा."

चवथीच्या दोन दिवस आधी निघालो. मागच्या सीटवर सगळं, आणि माझ्या मांडीवर कणसं. दोडामार्गला मोबाइलचं स्वागत झालं, पुढे डिचोलीच्या वाटेवर परतीचं स्वागत झालं. मी खिडकीतून बघत होते. एका तालुक्यातून दुसऱ्यात शिरल्याचं मला पाटीच्या आधी मातीवरून कळतं, घरांच्या भिंतींवरून कळतं. डिचोलीत गुडघ्यापर्यंत तांबडा पट्टा, पेडण्यात नाही. हे म्हणाले, तू बोलत का नाहीस, बरं नाही का?

दादा सोप्यावरच होता. आम्ही एकेक जुडी उतरवून ठेवायला लागलो, तसा त्याचा चेहरा बदलत गेला. माझ्याकडे न बघता ह्यांना म्हणाला, "भावोजी, बसा. च्या घेयात." मग मला, "वजें कोणें कोणाक धाडायचें, विसरलीस गो?"

"वजें कुठे आणलंय? गाडीला वजन हवं होतं म्हणून घातलं. रस्ता खराब आहे."

"लेकीगेल्या घरचें घेवन मी माटोळी बांधूं? लोक कितें म्हणटले?"

"लोकांनी मान वर केली तर म्हणतील. तू बांधणार नाहीस तर मान तरी कशाला वर करतील?"

तो उठून आत गेला. चहा झाला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, सोप्यावरच्या भाऱ्याचं नाव कोणी काढलं नाही. निघायच्या वेळी मी मागच्या दारी गेले तर वयनी नळाखाली बसलेली. कवंडाळं धुऊन सुपात ठेवली होती. आता कणसं बालदीत बुडवत होती, वर-खाली, वर-खाली. मला बघून ओशाळली. "धूळ ना आतां," म्हणाली, "पूण हातांक कोण सांगतलो?"

"वयनी, कणसं—" इतकं माझ्या तोंडून निघालं. पुढचं मी गिळलं. का गिळलं ते तेव्हा मलाही नीट ठाऊक नव्हतं. काय होतंय बघू, एवढंच वाटलं असेल. माझा स्वभावच तो.

चवथीला आमच्या घरी आमची माटोळी झाली. माझं अर्धं लक्ष सुर्ल्याला. दादाला फोन केला, उचलला नाही. दुपारी वयनीने गणपतीचा फोटो पाठवला. छान मूर्ती, फुलं, नैवेद्य. पण फोटो मुकुटाशी कापलेला! मी फोन आडवा केला, उभा केला, बोटांनी ताणून मोठा केला. वरचा एक सुतळीचा तुकडा, एक पानाचं टोक दिसावं! काही नाही. हे म्हणाले, फोटो ताणून छत दिसत नाही. मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा. आणि मग फोन करायचा मला धीर होईना. विचारलं आणि 'ना' म्हणाला तर? न विचारता थोडी आशा तरी राहते.

आमचा गणपती पाच दिवसांचा, दादाचा सात. आमचं विसर्जन झालं, घर एकदम मोठं वाटायला लागलं, माटोळीची तवशी-तोरिंगं शेजाऱ्यांना वाटून झाली. तीन दिवसांनी संध्याकाळी मी रिकामी चौकट पुसत होते आणि फोन वाजला. दादा. मागून वयनीचा आवाज, सांगा मरे, सांगा.

"गो बाय," दादा म्हणाला, "कणसांक मोड आयले."

"म्हणजे माटोळी बांधलीस?"

"बांधल्याबगर मोड खंय आयले, आभाळांत?" तोच जुना, ट्रकच्या वर जाणारा आवाज! मग एकदम उतरला. "विसर्जनाक ते मोड घेवन गेल्लों. पाण्यांत सोडवले ना. परत घेवन आयलों."

"मग?"

"मगीर कितें? ट्रकाच्या मागल्यान, आमगेल्या शेतांतलो थोडो गाळ काढलो. खाला अजून काळी माती आसा गो! चिखल केलो, लायले."

खड्ड्याच्या कडेला वाकून बघणारे मामंजी मला दिसत होते. विमान गेलं बहुतेक वरून, पेले वाजले.

"आयकता मगे?" दादा म्हणाला. "एक विचारूं? हांसू नाका."

"विचार ना रे."

"पाणी कितलें ठेवायचें गो त्यांत? विसरलो मी."

माझा दादा. लहानपणी मला खांद्यावर घेऊन ह्याच शेताचा बांध फोडायचा आणि बांधायचा. माझा आवाज सुर्ल्याचाच निघाला, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा.

"बोटभर, दादा," मी ओरडले. "बोटभर ठेव."